म्हसोबाचा कोंबडा आणि माझ्या माश्या

मेहकरच्या स्टँडवर मी एस.टी.तून उतरलो, तेव्हा माझ्यापाठोपाठ एका म्हाताऱ्या गृहस्थांचं मुंडासंही उतरलं. गृहस्थ मात्र वरच होते. माझ्या कोटाच्या कॉलरला खोचलेली एक माशी त्यांच्या मुंडाशात अडकली होती. मला पत्ता नाही. "चला, आलं गाव" म्हणत मी दारातून उडी मारली आणि मुंडाशाचा एकेक वेढा सुटत माझ्यामागे यायला लागला. म्हाताऱ्यांनी बोडक्या डोक्यानं, अगदी शांतपणे वरून विचारलं, "घेऊन चालले काय?"

स्टँडवरची माणसं हसली. कंडक्टर हसला. आमची मंडळी माझ्याकडे न बघता सामान मोजू लागली. सामानात एक ट्रंक होती, ती तिनं दोनदा मोजली.

आता कोटाच्या कॉलरला माशी कशासाठी, हे सांगायला हवं, नाही तर वाचक मला निव्वळ अस्वच्छ समजतील. ही माशी खरी नव्हे. गळाला रेशमाचा दोरा आणि लोकर गुंडाळायची, त्यावर कोंबड्याच्या मानेचं पीस गोल फिरवून घट्ट बांधायचं. पिसाचे केस चहूबाजूंनी उभे राहतात आणि माशाला वाटतं, पाण्यावर किडा बसलाय. आमच्या कचेरीतले एक वरिष्ठ पूर्वी निलगिरीला होते, तिथं ते ट्राउट नावाचा मासा असा धरायचे. निवृत्त होताना त्यांनी मला बांधताना गळ धरून ठेवणारा बोटभर लांबीचा एक शेगडा आणि गळांची डबी दिली. ट्राउट मी अजून पाहिलेला नाही. पण गेली काही वर्षं रोज संध्याकाळी मी पुण्यात घरी बसून त्याच्यासाठी माश्या बांधतो. हिच्या लोकरीचे गुंडे त्यात गेले, मुलीच्या रिबिनी गेल्या, आणि आमच्या आळीतली कोंबडी मला पाहिलं की रस्ता ओलांडतात. मिळतात त्या मुठेतल्या बोटभर मासोळ्या, त्याही माझ्यापेक्षा हुशार असतात.

तर अशा माश्यांची डबी खिशात घालून मी सासुरवाडीला चाललो होतो.

जानेफळच्या वाटेवर

हिचं माहेर जानेफळच्या अलीकडचं एक खेडं. मेहुणे नारायणराव छकडा घेऊन स्टँडवर आले होते. दोन्ही बाजूंना काळी रानं, पांढरा फुटलेला कापूस, हुरड्याला आलेली ज्वारी. मध्येच पैनगंगेचा एखादा डोह चमकून जायचा आणि मी छकड्यात उभा राहायचो. नारायणराव म्हणायचे, "बसा जवाईबुवा, नदी कोठी पळून नाही चालली."

जालना मागं पडलं की हिची भाषा हळूहळू बदलते, हे मी लग्नापासून पाहतो आहे. मेहकर येईपर्यंत 'मला'चं 'मले' होतं आणि छकड्यात बसल्यावर ती भावाशी जे बोलते त्यातलं निम्मंच मला पोचतं. एकच महाराष्ट्र झाला असं आपण म्हणतो, पण माझ्या बायकोच्या तोंडात अजून दोन आहेत. पुण्याला परतल्यावर दुसरा ती ट्रंकेत घालून ठेवते.

या खेपेचं निमित्त नवसाचं होतं. सासूबाई वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या. आई उठून चालायला लागली तर म्हसोबाला तांबडा कोंबडा देईन, असं नारायणराव बोलून बसले होते, आणि सासूबाई खरोखरच उठल्या. दारात काठी टेकत त्याच आम्हाला सामोऱ्या आल्या. माझ्या हातात गुळाचा खडा ठेवून म्हणाल्या, "आले बापा जवाई. लय वाळले."

मी वाळलो नव्हतो. पण सासुरवाडीला हे वाक्य जेवणाच्या आधी म्हणायचंच असतं. मग चुलीपुढं बसून ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत आणि मिरचीचा ठेचा. आमच्याकडे ठेचा पानात डावीकडे नखाएवढा असतो. इथं तो मधोमध असतो आणि बाकीचं जेवण त्याच्या भोवतीनं.

जेवताना एक तांबडाबुंद कोंबडा थेट स्वयंपाकघरात आला, सासूबाईंच्या ताटाशेजारी उभा राहिला आणि भाकरीचा तुकडा उचलून गेला. कोणी त्याला हाडहूड केलं नाही. असा लाडावलेला पक्षी मी पाहिला नव्हता. आणि त्याच्या मानेची पिसं! तांब्याच्या तारेसारखी ताठ, उन्हात पेटल्यासारखी. निलगिरीच्या साहेबांनी ज्याचं वर्णन करताना डोळे मिटले होते, ते पीस हेच.

इथं कोणीतरी मला सांगायला हवं होतं, असं लिहून मी सुटू शकलो असतो. पण मीही विचारलं नाही. नवस कोंबड्याचा आहे हे ठाऊक होतं. तो कोंबडा कुठंतरी डालग्याखाली झाकून ठेवला असेल, असं मी धरून चाललो. या घराची रीत उलटी होती. एकदा देवाला बोललेला कोंबडा मोकळा सोडायचा, त्यानं कोणाच्याही दारात जावं, काहीही खावं, कोणी हाकलायचं नाही. फक्त त्याला हात लावायचा नाही. देवाकडे तो पिसासकट पुरा जायला हवा.

पैनगंगेवर

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोहावर गेलो. पुण्याहून आणलेल्या माश्या पाण्यावर टाकल्या. त्या बुडाल्या. आमच्या आळीतल्या कोंबड्यांची पिसं मऊ, ओली झाली की केसांसारखी चिकटून बसतात. दुपारपर्यंत मी माश्या बुडवत होतो. पलीकडे बैल पाण्यावर आणलेला एक शेतकरी बराच वेळ बघत बसला. शेवटी म्हणाला, "भाऊ, मासे खायले पाह्यजे का नुसती ओळख करून घ्याची?"

परतताना मी ठरवलं की इथंच नवी माशी बांधायची. दोरा हवा म्हणून नारायणरावांनी संपतभाऊंकडे पाठवलं.

संपतभाऊ गल्लीच्या टोकाला राहणारे शिंपीकाम करणारे गृहस्थ. नारायणराव आणि ते शाळेत बरोबर होते. काही वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन ते बौद्ध झाले. त्यांचे वडील आणि नंतर ते स्वतः म्हसोबाच्या मिरवणुकीपुढं हलगी वाजवत. संपतभाऊंनी ते बंद केलं. हे मला त्यांनीच सांगितलं, मशीन चालवता चालवता. "वाजवनं सोडलं, शिवनं धरलं. तव्हापासून गावाले माही हलगी गोड लागून राह्यली. वाजवत होतो तव्हा कान दुखत होते त्याइचे."

मी त्यांना डबीतल्या माश्या दाखवल्या. त्यांनी एक उचलून उजेडात धरली. "गाठ बरी आहे. पन पीस सैल आहे."

"चांगलं पीस मिळालं की बघा," मी म्हणालो.

तेवढ्यात तो तांबडा कोंबडा ओट्यावर आला. संपतभाऊंनी मूठभर ज्वारी टाकली. "याचं रोजचं आहे. आमाले देवाचं काही राह्यलं नाही, पन कोंबड्याले पोट आहेच नं." आणि लाल रेशमाची रीळ शोधायला, चहाचं सांगायला ते आत गेले.

त्या वाक्यातून शहाण्या माणसाला सगळं कळलं असतं. मी कोंबड्याची मान बघत होतो. तो दाणे टिपत माझ्या मांडीशी आला. एका हातानं पंख दाबले, दुसऱ्या हातानं मानेवरची पिसं चिमटीत धरून ओढली. कोंबडा ओरडला, सुटला, मशीनखालून पळाला. मशीन बंद, घर शांत; कोणी पाहिलं नाही. पिसांच्या बुडाशी मऊ लव असते, ती माशीला चालत नाही. ती मी ओट्यावरच खुडून टाकली आणि पिसं डबीत घातली.

मग चहा आला. मी तो प्यालो. गल्लीतून जाणाऱ्या दोघांनी मला तिथं चहा पिताना पाहिलं, आणि मी बशी जरा उंच धरली. आपण केवढे सुधारलेले, पुण्याचे, असं त्या वेळी मला वाटत होतं. ही बशी मी पुढं फार वेळा आठवली आहे.

संध्याकाळी नवी माशी बांधली. सकाळी उजाडताच डोहावर जाऊन टाकली. ती तरंगली! आणि एका वितीएवढ्या माशानं ती खरोखर किडा समजून गिळली. मी काठावर एकटाच नाचलो. मासा पुन्हा पाण्यात सोडला आणि शीळ घालत म्हसोबाकडे निघालो, कारण सगळी मंडळी तिकडेच गेली होती.

म्हसोबाच्या लिंबाखाली

शेताच्या कडेला लिंबाचं झाड, खाली शेंदराचा तांदळा. गोवऱ्यांच्या आरात कणकेचे जाड रोडगे भाजायला घातले होते, त्याचा खमंग वास. सासूबाई घोंगडीवर बसल्या होत्या, आपल्या पायांनी चालत आल्या म्हणून सगळ्यांना सांगत. कुळातले वडीलधारे गणूबाबा कोंबड्याला कुंकू लावायला बसले. मला तोच तांबडा कोंबडा दिसला आणि शीळ आपोआप थांबली.

गणूबाबांनी रीतीप्रमाणे कोंबड्याच्या मानेवरून उलटा हात फिरवला. हात मध्येच थांबला.

"नारायणा, हे काय रे? मान उघडी आहे याची."

सगळे वाकले. पिसांच्या आत रुपयाएवढी गुलाबी कातडी.

"उपटले कोनं तरी," गणूबाबा म्हणाले. "उष्टा झाला. हा नाही चालत देवाले."

सासूबाईंनी दोन्ही हातांनी काठी घट्ट धरली. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळताना मी पाहिलं. "मंग माह्या पायाचं कसं?" एवढंच त्या म्हणाल्या. त्या पायांवर त्या मोठ्या भरवशानं अर्ध्या कोसावर चालत आल्या होत्या.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण त्याआधी नारायणरावांचा चुलतभाऊ देवराव बोलला, "काल दिवसभर संपतच्या ओट्यावर होता तो." एक पोरगा पळत गेला आणि मुठीत तांबडी लव घेऊन आला. ओट्यावर सापडली म्हणाला. त्याच्यामागून संपतभाऊही आले, गळ्यात टेप तशीच.

"काऊन उपटले बे?" देवराव.

"मी नाही उपटले."

"तुह्या दारात पडलेले आहेत."

"माह्या दारात चिंध्याबी पडलेल्या असतात. त्या काय माह्या सदऱ्याच्या?"

"देव सोडला, तं सोडला," देवराव म्हणाला. "आमचा नासवायचा काय धंदा?"

कोणीतरी 'हाव' म्हणालं. मग आणखी कोणी. संपतभाऊंनी नारायणरावांकडे पाहिलं. नारायणराव मातीकडे बघत म्हणाले, "संपत, सांगून टाक ना. मी काही म्हनत नाही तुले."

"तू काही म्हनत नाहीस," संपतभाऊ म्हणाले. "तेच पाहून राह्यलो मी."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. काल त्यांनीच तर सैल पिसाची माशी उजेडात धरली होती. त्यांनी बोट दाखवलं नाही. नुसती वाट पाहिली. आणि मी लिंबाच्या खोडावरचे मुंगळे पाहू लागलो. मुंगळे वर चालले होते, काही खाली येत होते. त्या मुंगळ्यांचा मी त्या वेळी केला तेवढा अभ्यास कोणी केला नसेल.

संपतभाऊ टेप सारखी करत निघून गेले.

जेवण

शेजारच्या वाडीतून दुसरा तांबडा कोंबडा आला. गणूबाबांनी देवाला समजावून सांगितलं, सासूबाईंनी पाच वेळा कपाळ टेकवलं. पंगत बसली. रोडगे, वरण, वांग्याची भाजी आणि ज्यांना चालतं त्यांना काळ्या मसाल्याचा रस्सा. नारायणरावांच्या शेजारी एक पत्रावळ मांडलेली होती. संपतभाऊ नवसाला येत नसत, पण शेतातल्या जेवणाला मित्राच्या शेजारी बसत. नारायणरावांनी वाटेकडे एकदोनदा पाहिलं आणि मग ती पत्रावळ दुसऱ्या कोणाला दिली.

मी जेवलो. वाटत होतं की घास उतरणार नाही, पण उतरला. रोडगा कुस्करून त्यावर तूप घालतात, तो प्रकार आमच्याकडे नाही. रस्सा दुसऱ्यांदा घेतला. ही वाढत होती. तिनं वाढताना माझ्या तोंडाकडे पाहिलं, माझ्या कोटाच्या कॉलरला खोचलेल्या माशीकडे पाहिलं आणि पळी पातेल्यात ठेवून पुढं गेली.

जेवणानंतर पुरुष सावलीत आडवे झाले. देवराव म्हणाला, "यंदा पोरीबाळीचे झंपर मेहकरले शिवू. त्याच्याकडे नाही द्यायचे." गणूबाबांनी मान हलवली. "शाळेचे सदरेबी." एकानं संपतभाऊंकडे पडलेलं आपलं कापड उद्याच परत आणायचं ठरवलं. कोणी आवाज चढवला नाही. सुपारी कातरता कातरता, ढेकर देता देता, एका माणसाचं पोट ते गुंडाळून ठेवत होते आणि नारायणराव डोळे मिटून पडले होते, पण झोपले नव्हते.

मी उठून बसलो. डबी उघडली आणि मध्ये ठेवली. "पिसं मी उपटली," मी म्हणालो. "मासे धरायला."

गणूबाबांनी माशी उचलली, डोळ्याजवळ नेली, लांब नेली. मग त्यांचे खांदे हलायला लागले.

"जवाईबुवानं! मासोळीसाठी!"

आणि सगळी सावली हसली. देवराव तर पोट धरून लोळला. "म्हसोबाच्या आधी मासोळीनं नवस घेतला का हो?" "अहो, मांगले असते तं सारा कोंबडा देल्ला असता!" नारायणरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली, इतक्या जोरात की सुटका माझी झाली की त्यांची, हे कळू नये. सासूबाई लांबून म्हणाल्या, "जवायाचं काय मनावर घ्याचं. पोटचंच लेकरू." डबी हातोहात फिरली. जो कोंबडा सकाळी उष्टा झाला होता, तो आता गमतीचा झाला. मला कोणी एक कडू शब्द बोललं नाही. मी शिव्यांची तयारी करून बसलो होतो. माझ्या हातात पान आलं, चुना लावून.

मी वाट बघत राहिलो की कोणीतरी संपतभाऊंचं नाव घेईल. कोणी घेतलं नाही. झंपरांचं काय ठरलं, तेही नाही.

ओट्यावर, पुन्हा

ऊन उतरल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. मशीन चालू होतं.

"संपतभाऊ, मी सांगितलं सगळ्यांना. जरा गैरसमज झाला हो."

"कोनाचा?"

मी ओट्यावरची एक चिंधी उचलून बोटाला गुंडाळू लागलो.

"गैरसमज कोनाचा झाला, जवाईबुवा? मले तं सारं नीट समजलं. त्याइलेबी समजलं. तुमाले तं आधीपासूनच समजलं होतं." त्यांनी सुईखाली कापड वळवलं. "हासले असतीन नं सारे?"

"हो."

"मलेबी वाटलं, हासतीन. मानूस पाहून हासनं असते." पुन्हा मशीन. "एक पुसू? तिथं मले उभं केलं, तव्हा तुमी काय पाहून राह्यले होते झाडावर?"

"मुंगळे," मी म्हणालो. खोटं सुचलं नाही.

ते हसतील असं मला वाटलं. ते हसले नाहीत. आतून भांड्यांचा आवाज आला, पण चहा आला नाही. तो येऊ नये हेच बरोबर होतं, आणि तरी मी थोडा वेळ बसलो. उठताना म्हणालो, "माझं चुकलं." मशीनच्या आवाजात ते त्यांना ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही. पुन्हा म्हणायचं धैर्य झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी छकडा गल्लीतून निघाला, तेव्हा नारायणराव आम्हाला सोडायला आले नाहीत. गडी आला होता. संपतभाऊंच्या दारापुढं नारायणराव उभे होते, काखेत नव्या कापडाचं ठाण. ते ओट्याखाली उभे होते आणि मशीनचा आवाज थांबत नव्हता. छकडा वळला, पुढचं मी पाहिलं नाही.

पुणे

कचेरीत सगळ्यांनी विचारलं, वऱ्हाडात काय पाहिलंत? मी पैनगंगेचं सांगितलं, रोडग्यांचं सांगितलं, मुंडाशाची गोष्ट तर दोनदा सांगितली. कोंबड्याची गोष्टही एकदा सांगून पाहिली, फक्त संपतभाऊ वगळून. ती फार चांगली रंगली. लोक हसले तसा मला म्हसोबाच्या लिंबाखालचा हशा आठवला आणि मी पाणी प्यायला उठलो.

घरी ही गहू निवडत बसली होती. प्रवासात, छकड्यात, एस.टी.त, कुठंही तिनं हा विषय काढला नव्हता. मला ते सहन होईना. मी तिच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "काहीही म्हण, पण शेवटी खरं बोललोच ना मी? कोणी विचारलं नसताना?"

तिनं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. पुण्याच्या घरात ती वऱ्हाडी बोलत नाही. त्या दिवशी बोलली.

"बोलले नं," ती म्हणाली. "पन पह्यले जेवले."